झील धरणारं मशीन

३ एप्रिल १९७८, सोमवार

ठरलं! वडिवळ्याच्या यात्रेत आबांचा पोवाडा होणार आणि त्यांच्या मागे सिंथेसायझर मी वाजवणार. आई म्हणते, डोकं फिरलंय. फिरू दे!

काल नथू आला होता. यात्रा कमिटीचा नवा सेक्रेटरी — तळेगावला कारखान्यात नोकरी, बेलबॉटम, कानांवर केस. आबांच्या पाया पडला आणि चहा संपायच्या आत पोटातलं ओठावर आलं. "आबा, तुमी मोठंच हाय. पन पोरांना आता आर्केस्ट्रा पायजे. पुन्याचा ठरीवलाय." मग जमिनीकडे बघत — "यंदा तुमचा अर्धा तास. कुस्त्या सुटल्यावर. लोक बसलं तर पुढल्या साली बी बघू. उठलं तर मंग..."

मग आबांची यात्रा बंद. तेवीस वर्षं आबा आपल्या गावच्या यात्रेत उभे राहतात. रेल्वेत गँगमन होते तेव्हासुद्धा त्या एका दिवसाची रजा कधी चुकली नाही. आता पेन्शनीत आहेत, तर गाव म्हणतं अर्धा तास!

आबा नुसते "बरं" म्हणाले आणि विडी घेऊन अंगणात गेले. त्यांची पाठ बघून मला इतका राग आला की म्हटलं, "नथू, अर्ध्या तासात एक माणूस उठणार नाही. लिहून ठेव."

तो काय लिहिणार! मीच लिहून ठेवते आहे.

५ एप्रिल

आज टेलिफोन एक्स्चेंजमधून सुटल्यावर तडक हौशीरामकडे गेले. बाजारपेठेत त्याची लाउडस्पीकरची सर्व्हिस आहे. लोणावळ्यातली सगळी लग्नं आणि सगळे गणपती त्याच्याच भोंग्यांवर बोलतात.

माझ्या वाद्याचं दुखणं काय ते मला पक्कं ठाऊक आहे. माझा भाऊ रतन बोटीवर फिटर आहे. त्याने दिवाळीत कोबेहून सिंथेसायझर आणला. पट्ट्या माझ्या बाजाच्या पेटीसारख्याच, पण एका वेळी एकच सूर वाजतो, आणि त्या सुराचं काय करायचं ते खुंट्या फिरवून ठरवायचं. पाच महिन्यांत मी तो हातात बसवला आहे. लोणावळ्यात हे वाद्य वाजवणारी मी एकटी, खंडाळा धरला तरी एकटीच. पण सूर सुका निघतो! नुसती भाकरी, कालवण नाही. खोलीत तरी भिंती थोडा ओलावा देतात. वडिवळ्याच्या मोकळ्या माळावर तो भोंग्यातून निघेल आणि तिथेच मरेल.

हौशीरामकडे दोन वस्तू निघाल्या. मुंबईचा एक ऑर्केस्ट्रा बुडाला, त्यांचा माल. एक पत्र्याची पेटी, आत दोन लांब स्प्रिंगा. सूर स्प्रिंगांतून थरथरत जातो आणि देवळाच्या गाभाऱ्यात वाजवल्यासारखा घुमून बाहेर येतो. दुसरी वस्तू टेप एको. आत टेपचं वेटोळं फिरत असतं. वाजवलेलं टिपून घेतं आणि क्षणभराने मागून पुन्हा म्हणतं. किती वेळाने म्हणायचं ते एका बटणावर, कितीदा म्हणायचं ते दुसऱ्यावर.

मागून पुन्हा म्हणतं! म्हणजे झीलच की! आबांनी ओळ टाकायची आणि तिचं शेपूट पकडून भिमाजीकाकांनी "जी जी र जी" ओढायचं — तीस वर्षं हेच चाललंय. आबांच्या गँगमध्येच होते काका. आता खोकतात फार, दमही पुरत नाही. ओळीचं शेपूट मी सिंथेसायझरवर उचलीन आणि झील मशीन धरील.

दोन्ही घेऊन आले. हौशीराम म्हणाला, "मुक्ताबाई, दोन्ही कशापायी? एक कुठलं तरी ठरवा." म्हटलं, ठरवायलाच नेते आहे.

९ एप्रिल, रविवार

आज अंगणात पहिली तालीम. लिहिताना अजून हसू आवरत नाही.

पोवाडा आबांचा स्वतःचाच. बोरघाटातला बोगदा खणणाऱ्या मजुरांचा. ठाकरवाडीतला येसू सुरुंगाला बत्ती द्यायला आत जातो, साहेबाचा मुकादम घाबरून आधीच पळ काढतो, येसूला मागे फिर म्हणायला कुणी उरत नाही. उरते ती त्याची बायको हिरी, डोंगराच्या उतारावर.

आबांनी डफावर थाप दिली, पहिली ओळ टाकली. मी शेपूट उचललं. मशीनने झील धरली. झकास! पण आबा पुढची ओळ घेईनात. डफ छातीशी धरून शांत उभे. मशीन म्हणतंय — एकदा, दोनदा, पाचदा. दर खेपेला आवाज बारीक होतोय पण म्हणतंयच. आबा मान खाली घालून उभेच.

"आबा, घ्या ना पुढचं!"

"त्याचं आटपू दे की. झील सरल्याबिगर वळ कशी टाकू? आपमान व्हतो मानसाचा."

माणसाचा! तीस वर्षांची सवय. मागचा थांबल्याशिवाय पुढच्याने तोंड उघडायचं नाही. आणि मशीन काही केल्या थांबेना. शेवटी आबांनीच मशीनला हात जोडले — "बास बाबा, कळलं." आई स्वयंपाकघरात पदराआड हसत होती. भिमाजीकाका मात्र हसले नाहीत. तुणतुणं मांडीवर घेऊन बसले होते, वाजवलं नाही.

१० एप्रिल

रिपीटचं बटण खाली आणलं. एकदाच म्हणेल, फार तर दोनदा. तीच गोष्ट सात वेळा सांगणारा माणूस तरी कुणाला आवडतो? आबा खूश.

१२ एप्रिल

आज स्प्रिंगांची पाळी. लांब सूर धरला की काय सुंदर घुमतो! अंगावर काटा आला. ठरवून टाकलं — स्प्रिंग सुरवातीच्या नमनाला आणि शेवटच्या कडव्याला. टेप मधल्या धावपळीला. दोन्ही एकदम कधीच नाही, त्याने कालवाकालव होते.

तेवढ्यात आबांनी लढाईच्या आवेशात येऊन फळीवर उडी मारून पाय आपटले. यात्रेत स्टेज फळ्यांचंच असतं म्हणून आम्ही अंगणातही फळ्या मांडल्या होत्या. स्प्रिंगा एकमेकींवर आदळल्या आणि भोंग्यातून असा धडाका निघाला की शेजारच्यांची कोंबडी छपरावर गेली!

आबांना सांगून पाहिलं, पाय आपटू नका. "मंग म्या कीर्तन करतो की." बरोबर आहे. शाहीर पाय आपटणारच.

आईनेच उपाय काढला. म्हणाली, पाळण्यातलं पोर दचकू नये म्हणून आम्ही काय करतो? मग लुगड्याची झोळी केली, पत्र्याची पेटी आत घातली आणि आंब्याच्या फांदीला टांगली. आबा नाचोत, कुदोत — पेटी गाढ झोपलेली! यात्रेत बांबूची तिकाटी उभी करायची. आईला म्हटलं, तू इंजिनियर व्हायला हवी होतीस. म्हणाली, "त्या झोळीत खरं पोर कधी घालतीयेस ते सांग." सुटका नाही.

१५ एप्रिल

भिमाजीकाका तीन तालमींना आले नाहीत. निरोप धाडला तर म्हणे कंबर धरली आहे. संध्याकाळी भांगरवाडीला त्यांच्या घरी गेले. कंबर कसली धरली! मागच्या परसात लाकडं फोडत होते.

मला बघून कुऱ्हाड खाली ठेवली. "ये पोरी. त्या मशीनचं बरं चाललंय न्हवं?"

मी म्हटलं, काका, या ना तालमीला.

"कशाला येऊ? झील ते धरतंय. माज्यापरीस बरी धरतंय. त्याला खोकला न्हाई." रागावून नाही म्हणाले, सरळ म्हणाले. तेच जास्त लागलं. मला खरंच लाज वाटली. इतके दिवस खुंट्या फिरवते आहे, पण या माणसाचं काय, हा विचार एकदाही मनात आला नाही.

लाज वाटली की माझं डोकं चालतं. म्हटलं, काका, मशीन झील धरतं खरं, पण सोडायची कुठे ते त्याला कळत नाही. कुठली ओळ एकदा म्हणायची, कुठली तीनदा, कुठे गप्प बसायचं — हे लोणावळ्यात एकाच माणसाला कळतं. माझे दोन्ही हात वाद्यावर. रिपीटचं बटण फिरवायला कुणीतरी हवंच आहे.

"म्हंजी झील माज्याच हातात?"

"तुमच्याच."

कुऱ्हाड भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "चल, सदरा घालतो."

१६ एप्रिल, रविवार

काय सांगू! रुळांखाली आयुष्यभर खडी भरलेला हात — बटण त्या मुठीत दिसेनासंच होतं. पण दोन तासांत मशीनला माणसात आणलं काकांनी. आबा श्वास घेतात तिथे एक जी. आबा चढतात तिथे तीन. करुण कडव्याला बटण पार खाली, एकही नाही. मी महिनाभर बसून काढली नसती अशी एकेक जागा! त्यांना आबांकडे बघावंही लागत नाही.

आबा म्हणाले, "आता झाली झील."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात हुशार युक्ती आहे. स्वतःच स्वतःला शाबासकी देते, दुसरं कोण देणार!

१८ एप्रिल

आबांनी पुन्हा काढलंच — "हिरीची वळ तू म्हन." दर वर्षी एकदा म्हणतात. येसूला हाक मारतानाची ती ओळ: "माघारी फिर रं येसू, वात जळाया लागली." आबा ती आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणतात आणि दर वर्षी पोरं खिदळतात. दोन-चार जण तिथेच चहाला उठतात. हे आबांनाही माहीत आहे.

पण मी नाही म्हटलं. माझं काम बोटांचं. तेराव्या वर्षी एकदा यात्रेत तोंड उघडलं होतं, तर चुलत्यांनी चारचौघांत विचारलं होतं, शाहिराने पोरगी तमाशाच्या बोर्डावर नाचवायला काढली काय? ते चुलते आता नाहीत. पण मला अजून ऐकू येतात. वाजवेन वाट्टेल तितकं. गाणार नाही.

आबांनी फार ताणलं नाही. "ऱ्हायलं," म्हणाले.

२२ एप्रिल

हौशीरामच्या टेम्पोतून वडिवळ्याला जाऊन माळ बघून आले. चार भोंगे लागणार. तीन स्टेजजवळ आणि एक लांब, चिंचेवर, म्हणजे मागे बसणाऱ्यांना ऐकू येईल. मी टाळी वाजवून पाहिली, हौशीरामला चिंचेखालून बोलायला लावलं. आणि लक्षात आलं — चिंचेवरचा आवाज पुढे बसलेल्याला उशिरा पोचणार! त्यात टेप आपल्याच वेळेने बोलली तर दोन झिली एकमेकींच्या पायात येणार.

मग पावलं मोजली. चारशे फूट. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो, शाळेत वीज आणि गडगडाटाच्या धड्यात शिकलो होतो. म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. टेपची वेळ नेमकी तेवढीच लावली. आता मशीनची झील आणि चिंचेवरची झील एकाच वेळी येणार. मशीन पुढून, चिंच मागून. जणू दोन झीलकरी उभे!

हौशीराम कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "वीस वरीस भोंगं बांधतोय, हे ध्यानातच न्हाई आलं." त्याच्या तोंडून हे ऐकायला मी रोज वडिवळ्याला जाईन.

२८ एप्रिल

उद्या. आईला जेवण गेलं नाही. मी दोन वेळा भात घेतला. सगळ्या खुंट्यांच्या जागा झाकणाच्या आतून लिहून चिकटवल्या आहेत. चुकायला जागाच ठेवलेली नाही.

३० एप्रिल, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं.

कुस्त्या पाचला सुटल्या. माळ गच्च भरलेला. स्टेजच्या कडेला पुण्याच्या ऑर्केस्ट्राची मंडळी चकचकीत कोट घालून उभी, माझी झोळी बघून एकमेकांना कोपरखळ्या देत होती. हसा म्हटलं.

नमनाला स्प्रिंग सोडली आणि हसणं बंद! लांब एकच सूर, माळभर घुमला. लोक माना वर करून बघायला लागले, आवाज येतो कुठून? मग आबांचा डफ. मग टेपवर झील. काका बटणाशी, डोळे मिटून. पुढून जी, चिंचेवरून जी. दुसऱ्या कडव्याला तर मागची पोरंसुद्धा जी जी म्हणायला लागली. नथू घड्याळाकडे बघायचं विसरला, मी स्वतः पाहिलं.

आणि मग ती जागा आली. येसू आत गेला. वात पेटली. मुकादम पळाला. मी शेपूट उचललं. आता हिरीची ओळ — आणि आबा गप्प.

डफ थांबलेला. तोंड अर्धवट उघडं. पुढे बघताहेत. विसरले! तेवीस वर्षांत पहिल्यांदा ओळ विसरले! काकांकडे पाहिलं, झील लांबवा म्हणून खूण करायला — तर रिपीटचं बटण पार वर गेलेलं आणि काकांचा हात मांडीवर! त्यांचंही भान सुटलेलं. माझे हात पट्ट्यांवर अडकलेले. मशीन तोच सूर पुन्हा म्हणतंय, पुन्हा, दर खेपेला आधीपेक्षा मोठा. एकावर एक चढत गर्जना झाली. चारी भोंगे थरथरायला लागले. कुणीतरी ओरडलं, "सुरुंग!" पुढे बसलेल्या बाया एकमेकींना बिलगल्या.

लोकांना ते पोवाड्यातलंच वाटत होतं. पण अजून दोन क्षणांत कळलं असतं, की शाहीर अडकला. नथूला कळलं असतं. तेवढंच डोक्यात आलं. माइक आबांच्या हाताशी होता. मी उठले, आबांना जवळजवळ ढकललं आणि त्या गर्जनेत शिरून हाक मारली —

"माघारी फिर रं येसू, वात जळाया लागली!"

आबांच्या पट्टीत मला वर चढायला फार अवघड गेलं. शेवटचं अक्षर चिरकलंच. पण हिरी त्या वेळी काय गोड गाणार होती? मी हाक मारली आणि काकांनी बटण खाली आणलं. एकदम सगळं शांत. इतकं की खालचे बैल कान हलवतात ते ऐकू यावं. कुणी खिदळलं नाही. कुणी उठलं नाही. मग आबांनी डफावर थाप दिली आणि पुढची ओळ बरोबर पकडली.

अर्ध्या तासाचा तास झाला. ऑर्केस्ट्रावाले शेवटी स्टेजच्या पायरीवर बसून ऐकत होते.

खाली उतरल्यावर ठाकरवाडीच्या अंबूबाईंनी माझी दोन्ही मनगटं धरली. "दर साली शायर हाक मारतो तवा मला हसू येतं. आज काळजाला लागली बाय." बोलता बोलता रडायला लागल्या. मीही रडले. कशाने कोण जाणे, पण चांगलं वाटलं.

१ मे

नथू सकाळी सकाळी दारात. पुढल्या साली कुस्त्यांनंतरचा अख्खा वेळ आबांचा! म्हणाला, "आणि ते सुरुंगाचं मशीन पायजेच बरं का." मी म्हटलं, लिहून ठेव.

एक्स्चेंजमध्ये मुलींना सगळी हकिगत तीनदा सांगितली. सुरुंगाची गर्जना तोंडाने काढून दाखवली, त्या नादात पुण्याचा एक ट्रंक कॉल तुटला.

एकच काळजी. आबा विसरायला लागले. चौसष्ट वर्षं झाली, चालायचंच. त्यांना मी काही बोलले नाही; कशाला दुखवायचं? सगळा पोवाडा मोठ्या अक्षरांत वहीत उतरवून काढायला घेतला आहे. पुढल्या वर्षी वही माझ्यासमोर राहील. मी आहे तोवर आबांची ओळ पडणार नाही. आणि काकांनाही नीट समजवायला हवं, बटणावरचा हात सोडायचा नाही म्हणून.

४ मे

दुपारी काका एक्स्चेंजवर आले होते, मुलाला तार कशी पाठवायची ते विचारायला. मी वहीचं सांगितलं, बटणाचंही सांगितलं. काका ऐकून घेत राहिले. मग हसायला लागले, खोकला येईपर्यंत. म्हणाले, "आगं येडे, शायर कशाला इसरंल? आदल्या दिशीच मला म्हनला — हिरीच्या वळीला म्या गप ऱ्हातो, तू बटान वर कर आनि हात काढ. हिकडं आड, तिकडं हीर केल्याबिगर पोरगी तोंड उघडायची न्हाई."

संध्याकाळी घरी आले. आबांनी माझी बाजाची पेटी स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतली होती. डफ माझ्या जागेवर ठेवलेला. भाता उघडत, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बस. माज्या पट्टीत तुजा गळा चिरकतो. तुजी पट्टी कंची, सांग."